सापाला घालायचे उंदीर कमीत कमी त्रासात कसे मारायचे? अनुभववाल्यांनीच सांगा

लातूरचा_पायथनवाला:
नमस्कार मंडळी. माझ्याकडं एक बॉल पायथन आहे. आधीच सांगतो, सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेला आहे, मांडूळ नाई, आपल्याकडचा अजगर बी नाई, त्यामुळं "वनखात्याला कळवू का" वाले मेसेज टाकू नका. इतके दिवस संभाजीनगरहून जिवंत उंदीर आणून घालायचो, पण तेवढ्यासाठी दर वेळी तिकडं जाणं परवडंना म्हणून घरीच पांढऱ्या उंदरांची जोडी ठेवली आन् आता पेटीभर झालेत. जिवंत घालायचं बंद केलंय कारण मागं एका उंदरानं सापाच्या पाठीलाच चावा घेतला, खवले निघाले, ती जखम नीट दिसायला दोन-तीन कात पडाव्या लागल्या.

आता मारायचं कसं हे ज्याला विचारावं तो येगळंच सांगतो. एकजण म्हणतो शेपटी धरून फरशीवर आपट, दुसरा म्हणतो पिशवीत घालून फ्रीजरमधी ठेव झोपेतच जातंय, तिसरा क्लोरोफॉर्म आणून देतो म्हणायलाय, आन् एका व्हिडिओत तर खायचा सोडा आन् व्हिनेगर डब्यात ओतून गॅस करायलेत. मला एकबी पटंना. रोज हातानं दाणे घातलेलं जनावर आहे, मारायचं तर आहेच पण तडफडून नको. मोठे, मधले आन् गुलाबी पिल्लं असे सगळ्या साइजचे आहेत, पिल्लं मित्राच्या कॉर्न स्नेकला लागतात. काय करावं?

बीडचा_बिनधास्त:
कामून एवढा विचार करायलास भावा, रानात धामणीला कोण गॅस देऊन उंदीर वाढतंय का? टाक जिवंत, साप बघून घेतो.

लातूरचा_पायथनवाला:
रानात उंदराला पळायला बीळ असतंय आन् सापाला बी सरकायला जागा असती. काचेच्या पेटीत दोघं कोंडल्यावर त्याला निसर्ग कसं म्हणावं. आन् जखमेचं वर लिहिलंय, वाच की.

उदगीर_पशुवैद्यक:
मी पशुवैद्यकीयचं शिक्षण उदगीरच्या कॉलेजात घेतलंय आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी काय करायचं नाही ते.

फ्रीजरमध्ये जिवंत ठेवणं सगळ्यात वाईट. "झोपेत जातं" हे थंड रक्ताच्या प्राण्यांवरून कुणीतरी उचललेलं आहे आणि त्यांच्या बाबतीतही ते खरं नाही. उंदीर गरम रक्ताचा, तो शेवटपर्यंत अंग गरम ठेवायला झगडतो, घरच्या फ्रीजरमध्ये हे बराच वेळ चालतं. क्लोरोफॉर्मनं नाकाडोळ्यांची आग होते, माणसाच्या यकृतालाही तो घातक आहे आणि उंदराच्या अंगात राहिलेला अंश तुमच्या सापाच्या पोटात जाणार. हेच कारण इंजेक्शनलाही लागू. दवाखान्यात कुत्र्याला शेवटचं जे बार्बिट्युरेट देतात ते उंदराला दिलं तर मरण शांत येईल, पण तो उंदीर सापाला घालता येत नाही. आपटण्यात हात एकदा चुकला की जनावर अर्धमेलं होतं आणि मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आपटावं लागतं. बाईकच्या सायलेन्सरला पाइप लावणारेही मी बघितलेत, तो गरम धूर फुफ्फुसं जाळतो, त्याचं नाव काढू नका.

सोडा-व्हिनेगरमधून निघतो तो कार्बन डायऑक्साइडच, पण किती वेगानं निघेल यावर तुमचा ताबा नसतो. आधी भसकन येतो मग बंद पडतो, वरून व्हिनेगरची वाफ. उंदीर मधेच शुद्धीवर येतो. ड्राय आइसचंही तेच, शिवाय अंगाला लागला तर भाजल्यासारखं होतं.

मोठ्या आणि मध्यम उंदरांसाठी घरी जमण्यासारखी पद्धत म्हणजे सिलेंडरमधला शुद्ध कार्बन डायऑक्साइड, आणि तो हळूहळू सोडायचा. यातली मेख सगळी "हळूहळू" मध्ये आहे. आधीच गॅसनं भरलेल्या डब्यात उंदीर टाकला तर तो गॅस नाकातल्या ओलाव्यात विरघळून आम्ल होतो आणि झोंबतो, जनावर शुद्धीत असताना. साध्या हवेच्या डब्यात ठेवून गॅस बेतानं वाढवला तर झोंबण्याइतकं प्रमाण होण्याआधी गुंगी येते. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आकडा दिलाय, मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के. म्हणजे तुमचा डबा 40 बाय 30 बाय 25 सेंटीमीटरचा असेल तर तो 30 लिटरचा झाला, त्याला मिनिटाला 9 ते 21 लिटर. डोळ्यांच्या अंदाजानं सोडू नका, फ्लोमीटर लावा, म्हणजे मिनिटाला किती गॅस जातोय ते दिसतं.

डबा पारदर्शक घ्या म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. गॅसची नळी खालून, हवा बाहेर जायला वर भोक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो तळाला साचतो आणि हवेला वर ढकलतो. एका पेटीतलेच उंदीर एका वेळी घ्या, अनोळखी नर एकत्र कोंबले तर ते भांडत मरतात. गर्दी नको. बाकीच्या उंदरांच्या समोर करू नका आणि दर वेळी डबा धुवून पुसून घ्या, भ्यालेल्या उंदराचा वास पुढच्याला कळतो. श्वास थांबला की लगेच गॅस बंद नाही करायचा, पुढं निदान एक मिनिट चालू ठेवायचा, मग तसंच काही वेळ राहू द्यायचं. बाहेर काढल्यावर छातीवर बोट ठेवून ठोका बघा, बुबुळाला हलकेच स्पर्श करा, पंजाचं बोट चिमटीत दाबा. कशालाच हालचाल नाही तर मेलाय, तरी खात्रीसाठी मान मोडून घेतात, नाहीतर फ्रीजरमध्ये शुद्धीवर आलेला उंदीर म्हणजे सगळं केलेलं पाण्यात.

आणि तुम्ही स्वतःसुद्धा बंद खोलीत हे करू नका. ओसरीवर, अंगणात करा.

एक प्रामाणिकपणे सांगतो, ही पद्धत निर्दोष नाही. उंदरांना हा गॅस आवडत नाही, संधी मिळाली तर ते त्यापासून लांब पळतात हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण घरी करता येण्यासारख्या बाकी सगळ्यांपेक्षा ही बरी.

वाळूज_वेल्डर:
डॉक्टरांनी गॅसचं सांगितलं, सिलेंडरचं मी सांगतो, कारण आपलं रोजचं काम तेच हाय. आमच्याकडं मिग वेल्डिंगला कार्बन डायऑक्साइड वापरतात पण दुकानात गेल्यावर नुसतं "मिगचा गॅस द्या" म्हणू नका, बऱ्याच ठिकाणी आर्गन मिसळलेला देतात आन् सिलेंडर बाहेरून सारखंच दिसतंय. शुद्ध पाहिजे असं स्पष्ट विचारून घ्या, चिठ्ठी वाचा. त्यापेक्षा सोपं म्हणजे गावात सोडावाला असतोच, गोटी सोडा भरणारा, त्याच्याकडं खाण्याच्या दर्जाचा असतो, त्याला विचारा भरून कुठून आणतो. फ्लोमीटरवालं रेग्युलेटर वेल्डिंगच्या दुकानात मिळतंय, काचेच्या नळीत गोळी वर-खाली होती आन् बाजूला लिटरचे आकडे असतात, डॉक्टर म्हणतात त्या 9 ते 21 मधला आकडा त्यावर बरोबर धरता येतंय. सिलेंडर उभा आन् साखळीनं भिंतीला बांधलेला पाहिजे, आडवा ठेवून वापरला तर पातळ गॅस रेग्युलेटरमधी येतोय आन् ते गोठून बसतंय. उन्हात ठेवू नका, आपल्याकडचा मे महिना म्हाइतच हाय.

आग विझवायचं लाल सिलेंडर वापरतो म्हणणारा एखादा निघंल, त्याला आत्ताच सांगतो, त्यातून बर्फासारखं फुसांडतंय, उंदीर गारठूनच मरंल.

उदगीर_पशुवैद्यक:
आर्गनचं चांगलं सांगितलंत. उंदीर-घुशींना आर्गन किंवा नायट्रोजननं मारणं त्रासाचं आहे, त्यांना गुदमरल्याचं जाणवतं, त्यामुळं मिसळलेला गॅस चालणार नाही.

लातूरचा_पायथनवाला:
लई भारी माहिती, डॉक्टरसाहेब आन् वाळूजवाले दादा दोघांना धन्यवाद. सोडावाला ओळखीचा आहे, त्याचं जमंल. आता पिल्लांचं सांगा. तीच पद्धत ना?

उदगीर_पशुवैद्यक:
नाही, आणि इथंच बहुतेक जण फसतात. नुकतं जन्मलेलं पिल्लू आईच्या पोटात कमी ऑक्सिजनवरच वाढलेलं असतं, त्यामुळं साधारण 10 दिवसांपर्यंतची पिल्लं या गॅसला दाद देत नाहीत. मोठा उंदीर काही मिनिटांत जातो, एक दिवसाच्या पिल्लाला 50 मिनिटंसुद्धा लागू शकतात. लोक मोठ्यांच्या हिशेबानं गॅस बंद करतात, पिल्लू निळसर पडून गप झालेलं असतं, आणि थोड्या वेळानं हातात हलायला लागतं.

पिल्लांसाठी लवकर होणारं म्हणजे धारदार कात्रीनं एका झटक्यात डोकं वेगळं करणं. वाचायला वाईट वाटतं, करायला त्याहून वाईट, पण पिल्लाच्या बाजूनं बघितलं तर सेकंदात संपतं. कात्री नवी आणि खरंच धारदार पाहिजे, शिवणाची जुनी नको. कॉर्न स्नेक डोकं नसलेलं पिल्लूसुद्धा घेतो, सहसा कुरकुर करत नाही. हात थरथरत असेल तर करूच नका, पिल्लं मोठी होऊ द्या आणि मग गॅस वापरा.

मान मोडण्याची पद्धत उंदरांना आणि 200 ग्रॅमच्या आतल्या पांढऱ्या रॅटना (उंदराहून मोठी जात) चालते, ती करणाऱ्याच्या हातात असेल तर गॅसपेक्षाही लवकर होते, पण ती लिहून शिकवता येत नाही. परभणी किंवा उदगीरच्या कॉलेजात कुणी दाखवायला तयार असेल तर आधी मेलेल्या उंदरावर हात बसवा.

बीडचा_बिनधास्त:
बरं मग शेतात पिंजऱ्यात सापडलेले उंदीर का नाई चालत, फुकटात काम होतंय, सोयाबीनच्या गोडाऊनला तर खच पडलेला असतो.

हिंगोलीचा_सर्पमित्र:
नको रे बाबा. गोडाऊनच्या उंदरानं आधी कुठं विष खाल्लंय का, झिंक फॉस्फाइड का ब्रोमाडायोलोन, ते तुला कसं कळणार. ब्रोमाडायोलोन तर उंदराच्या यकृतात बरेच दिवस राहतंय आन् उंदीर तोवर हिंडत-फिरत असतो, वरून ठणठणीत दिसतो. अंगावर गोचीड-पिसवा, मुतात लेप्टोस्पायरोसिस रोगाचे जंतू, ते तर हात लावणाऱ्यालाच. आन् चिकटपट्टीवर अडकलेला असंल तर त्याचे हाल आधीच झालेले असतात. पाळलेल्या सापाला पाळलेलाच उंदीर.

परभणीची_सरडेवाली:
मी थोडं वेगळं सांगते. दादा, एवढा सगळा घाट घालण्यापेक्षा गोठवलेले विकत घेतले तर? मी पुण्याहून थर्माकोलच्या पेटीत मागवते, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी परभणीत. उन्हाळ्यात मात्र मागवत नाही, एप्रिल-मे मध्ये गाडी उशिरा आली की पेटी उघडल्याबरोबर वासच येतो, मग सगळे फेकून द्यावे लागतात. म्हणून होळीच्या आधीच साठा करून ठेवते.

घरचे गॅसनं मारले तरी पुढं ठेवायचे फ्रीजरमध्येच ना, तर ते पण सांगते. एकेक उंदीर सुटा, नाक आणि पाय सरळ करून, हवा काढलेल्या पिशवीत, वर तारीख. सहा महिन्यांच्या आत संपवायचे. आमच्या घरात आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं की माझ्या आइस्क्रीमच्या शेजारी हे दिसलं तर तुझ्यासकट बाहेर फेकीन, म्हणून छोटा वेगळा डीप फ्रीजर घेतला आणि ते बरंच झालं, खाण्याच्या फ्रीजमध्ये ठेवूच नयेत. लाईट जाणं हा आपल्याकडचा खरा प्रश्न. झाकण न उघडता राहिलं तर काही तास टिकतं, पण एकदा पूर्ण मऊ पडलेला उंदीर परत गोठवायचा नाही.

घालायच्या आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पिशवीसकट कोमट पाण्यात, हाताला गरम लागेल एवढंच. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, आतून शिजतो आणि फुटतो. पोट दाबून बघायचं, आत बर्फाची गाठ लागत असेल तर अजून वेळ आहे. बॉल पायथन नखरे करतो, त्याला डोकं गरम लागतं, तर शेवटी फक्त डोकं परत गरम पाण्यात बुडवून पुसायचं आणि लांब चिमट्यानं हळू हलवायचं. माझ्याकडं तर आता फक्त लेपर्ड गेको आहेत, किड्यांवर भागतं, पण आधी साप होता म्हणून माहितीये.

लातूरचा_पायथनवाला:
ताई, गोठवलेल्याचं मनात होतं पण आमचा पायथन मेलेलं घेईल का हीच भीती वाटायली.

परभणीची_सरडेवाली:
दोनदा नाही म्हणेल, तिसऱ्यांदा घेईल. मोठा बॉल पायथन काही आठवडे नाही जेवला तरी मरत नाही, तुम्हीच आधी घाबरता. वजन करून लिहून ठेवा, वजन टिकून असेल तोवर टेन्शन घेऊ नका. संध्याकाळी, अंधार पडल्यावर, आणि घातल्यावर समोर बसून बघत राहायचं नाही.

उदगीर_पशुवैद्यक:
ताईंशी सहमत. महिन्याला दोन-तीन उंदीर लागणाऱ्या एका सापासाठी घरी पैदास करणं हे मला तरी उलटं वाटतं. सिलेंडर आणा, डबा करा, आता जे आहेत त्यांचं नीट करा, गोठवून ठेवा, तेवढ्यात तुमचं बरेच महिने निघतील. पण पायथनवाले, एक विचारायचं राहिलं, तो पहिला नर अजून माद्यांबरोबर त्याच पेटीत आहे का?

लातूरचा_पायथनवाला:
व्हय. का?

उदगीर_पशुवैद्यक:
मादी व्यायल्यावर एका दिवसात परत गाभण राहते, आणि साधारण 19-21 दिवसांत पुन्हा पिल्लं. पाच-सहा आठवड्यांची पिल्लंसुद्धा आपापसात सुरू होतात. तुम्ही सिलेंडर शोधेपर्यंत पेटी दुप्पट होईल. आधी नर-मादी वेगळे करा, मग बाकीचं.

लातूरचा_पायथनवाला:
आयला, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ताच दुसरी पेटी रिकामी करायलोय. लहान पिल्लांत नर-मादी वळखायचं कसं तेवढं सांगा, मला तर सगळे सारखेच दिसायलेत.

उदगीर_पशुवैद्यक:
शेपटीच्या मुळाशी बघा. दोन छिद्रांतलं अंतर नरात जास्त, मादीत अगदी जवळ. एक-एक बघून कळत नाही, दोन पिल्लं शेजारी धरा. तीन आठवड्यांपुढच्या नरांच्या तर गोट्याच दिसतात.