बुद्धाचं भिक्षापात्र शोधणारी मालिका आणि आपलं सोपारा: अशा मालिकांनी इतिहासाची गोडी लागते की नासते?

मेधा गिरगावकर (धागाकर्ती)

'रेलिक हंटर' ही १९९९ साली सुरू झालेली इंग्रजी मालिका इथल्या अनेकांना आठवत असेल. प्राचीन इतिहासाची प्राध्यापक सिडनी फॉक्स (टिया कॅरेरे) आणि तिचा इंग्लिश सहायक नायजेल देशोदेशी हिंडून हरवलेल्या वस्तू शोधतात. भाचीला अशा साहसकथा फार आवडतात, म्हणून तिच्याबरोबर पुन्हा बघायला घेतली. पहिल्याच भागात दोघं नेपाळला जातात, कशासाठी तर दंतकथांमधून माहीत असलेलं बुद्धाचं भिक्षापात्र शोधायला.

भाग रंगतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. ज्या मुंबईत बसून आपण हे बघतो, तिच्या शेजारीच याच पात्राची एक खरी शोधकथा घडली आहे आणि ती कुणाला सांगितली तर लोक डोळे विस्फारतात.

एप्रिल १८८२. सोपारा, म्हणजे आजच्या नालासोपारा पश्चिमेचा भाग. गावाजवळच्या एका टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं, तर आत स्तूप निघाला. मधोमध विटांची बांधीव खोली, तिच्यात मोठी दगडी पेटी. पेटीत बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती आणि एक तांब्याचा करंडक. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं. सोन्याच्या त्या इवल्या करंडकात रत्न नव्हतं, हिरा नव्हता. मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे होते. भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले. सरकारने हा सगळा ठेवा एशियाटिक सोसायटीला दिला, म्हणजे फोर्टातल्या टाऊन हॉलला.

आता विचार करा, सिडनीबाईंच्या पद्धतीने कुणी आत घुसून ते १३ तुकडे खिशात घालून पळाला असता तर? फुटक्या कुंडीच्या ठिकऱ्यांपेक्षा त्यांना जास्त अर्थ उरला नसता. ते काय आहेत हे कळतं ते कशात काय ठेवलं होतं यावरून. मालिकेत जागा म्हणजे नुसता अडथळा: भिंत फोडा, सापळा चुकवा, वस्तू घ्या. माझ्या मते ही शिकवण घातक आहे. तुम्हाला काय वाटतं?

कट्टेकरी

मेधाताई, सोपाऱ्याची माहिती उत्तम दिलीत, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

मी वसईचा. शाळेच्या सहली वसईच्या किल्ल्यात गेल्या, वज्रेश्वरीला गेल्या. सोपाऱ्याच्या स्तूपाला एकदाही नेलं नाही. पुस्तकात 'प्राचीन बंदर' एवढी एक ओळ. मुलांना या विषयाचं वेड लावायचं काम कुणी केलं असेल तर ते अशाच मालिकांनी. तुमची भाची तरी भिक्षापात्राबद्दल कशामुळे ऐकतेय? त्याच भागामुळे ना?

खरं उत्खनन पडद्यावर चालत नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर 'टाइम टीम' वीस वर्षांच्या आसपास चालली. तीन दिवसांची मुदत, खरे पुरातत्त्वज्ञ, खरे खड्डे, आणि सामान्य माणसं टीव्हीला खिळून. म्हणजे थरार आणि शिस्त एकत्र नांदू शकतात. आपल्याकडे ते कुणी करत नाही याचा राग एका करमणुकीच्या मालिकेवर कशाला काढायचा?

खणती

मी पुरातत्त्व शिकले आहे आणि माझं मत पूर्णपणे मेधाताईंच्या बाजूने आहे. एक गोष्ट जवळून दाखवते.

पेटीतल्या आठ मूर्ती म्हणजे सात मानुषी बुद्ध (माणसाच्या रूपात होऊन गेलेले) आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. घडणीवरून त्या इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. स्तूप मात्र त्याहून कितीतरी जुना, तिथे सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही मिळालं. याचा अर्थ काय? स्तूप बांधल्यानंतर काही शतकांनी कुणीतरी तो पुन्हा उघडला. आतलं काहीही लुटलं नाही, सोनंसुद्धा नाही. उलट करंडकाभोवती नव्या मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. कोण असतील ते? उघडावंसं का वाटलं? सोपाऱ्याच्या बंदरातले व्यापारी, भिक्खू, की आणखी कुणी? माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातला सर्वांत थरारक प्रश्न हा आहे, आणि तो पडतो फक्त एवढ्यासाठीच की मूर्ती आणि करंडक एकाच पेटीत मिळाल्याची नोंद आहे. मूर्ती एका दुकानात आणि करंडक दुसऱ्या लिलावात गेले असते तर हा प्रश्न जन्मालाच आला नसता.

अशा कार्यक्रमांनी नुकसान होतं ही फक्त पुस्तकी भीती नाही. अमेरिकेत २०१२ साली धातुशोधक घेऊन जमिनीतून वस्तू उकरणारे दोन कार्यक्रम सुरू झाले तेव्हा तिथल्या पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेने जाहीर आक्षेप घेतला. आपल्याकडे तर गुप्तधनापायी जुन्या देवळांचे गाभारे आणि गडांवरची जोती रात्रीत खणली जातात. पिंडी उखडलेली, बाजूला खड्डा, खड्ड्यात लिंबू आणि हळदकुंकू. हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याला 'खजिन्याची शोधमोहीम' हे शब्द गोड लागत नाहीत.

कट्टेकरी

खणतीताई, नेमका हाच मुद्दा तुमच्या विरुद्ध जातो. गुप्तधनासाठी खणणारा माणूस इंग्रजी मालिका बघून बाहेर पडत नाही. त्याला मांत्रिकाने सांगितलेलं असतं. तो लोभ टीव्हीच्या आधीपासूनचा आहे. १८७८ सालीच इंग्रजांना गुप्तधनाचा कायदा करावा लागला. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, हा नियम तेव्हाचा.

लोभाला उतारा कुतूहलाचाच असतो. ज्या गावातल्या पोरांना आपल्या टेकाडाची गोष्ट ठाऊक आहे, त्या गावात रात्री कुदळ वाजली तर पोरंच धावून जातील. आणि गोष्ट पोरांपर्यंत पोचवायची तर तिच्यात पाठलाग हवा, धोका हवा. नुसते थर आणि मोजमापं सांगून कुणी ऐकत नाही.

समता

दोन्ही बाजूंचं वाचलं. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटते आहे, म्हणून लिहिते.

आम्ही बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याला जातो. विरार लोकल, नालासोपाऱ्याला उतरून रिक्षा. स्तूपाला प्रदक्षिणा, त्रिशरण, पंचशील. आजी असताना ती विटेला हात लावून कपाळाला लावायची. आमच्यासाठी हा खजिना नाही आणि 'पुरावा'सुद्धा नाही. हे धातू आहेत, म्हणजे बुद्धांचे पवित्र अवशेष, वंदनाची गोष्ट आहे. मालिकेत भिक्षापात्राची 'शिकार' होते हे बघताना मला जे टोचतं ते पद्धत चुकीची आहे म्हणून टोचत नाही. ज्याने घरदार सोडून हातात पात्र घेतलं, त्याच्याच पात्रासाठी हाणामारी, हे टोचतं.

उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाचं उदाहरण अगदी ताजं आहे. १८९८ साली तिथल्या स्तूपात धातूंबरोबर रत्नं निघाली, त्यातली काही उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या घरात राहिली. मे २०२५ मध्ये ती हाँगकाँगला सोदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात आली. भारत सरकारने नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, लिलाव थांबला. जुलैअखेर ती रत्नं भारतात परत आली, त्यात आपल्या मुंबईच्या गोदरेज समूहाचा हात होता. लिलावाच्या यादीत ते दागिने होते. आमच्या दृष्टीने ती दानं होती, धातूंपासून वेगळी काढताच येणार नाहीत अशी.

आणखी एक. १८८२ मध्येच सोपाऱ्याला भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या आठव्या लेखात अशोक काय सांगतो? पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, मृगया करत, मौजमजा करत. आपण राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. थोरामोठ्यांना भेटणं, दान देणं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणं. शिकारीला निघणं आणि यात्रेला निघणं यांतला फरक सोपाऱ्याच्याच दगडावर कोरून ठेवलेला होता. ती मालिका बघणाऱ्यांनी तो एकदा जरूर वाचावा.

नाणेघाटी

समताताई, तुमच्या भावनेचा पूर्ण आदर ठेवून एक कठीण प्रश्न विचारतो, आणि तो मुख्यतः धागाकर्तीला आहे. हे तुकडे भिक्षापात्राचे आहेत हे कशावरून?

परंपरेत या पात्राच्या कथा अनेक आहेत. तपस्सू आणि भल्लिक या व्यापाऱ्यांनी अन्न दिलं तेव्हा घ्यायला पात्र नव्हतं. चार लोकपालांनी चार दगडी पात्रं आणली आणि बुद्धांनी ती एकात मिसळली. चिनी यात्रेकरू फाहियान इ.स. ४०० च्या सुमारास पुरुषपुरला, म्हणजे आजच्या पेशावरला गेला, तिथे त्याने पात्राची पूजा पाहिली. काठाला चार कडा दिसतात असं तो लिहितो. ते पळवायला आलेल्या राजाने आठ हत्ती जुंपले तरी गाडा हलेना, ही कथाही त्यानेच नोंदवली. सातव्या शतकात आलेल्या युआनश्वांगच्या (ह्युएनत्संगच्या) वेळेपर्यंत ते तिथून गेलेलं होतं. कंदाहारहून काबूलच्या संग्रहालयात गेलेलं अवाढव्य दगडी पात्र हेच ते, असं मानणारे वेगळे, आणि ते वैशालीला परत आणा अशी मागणी आपल्या संसदेतही झाली आहे.

हे सगळे दगडाचे दावे. सोपाऱ्याचे तुकडे मातीचे. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, त्यांना लोखंडाचं आणि मातीचं अशी दोनच पात्रं चालतात, त्यामुळे मातीचं पात्र अशक्य नाही. पण भगवानलालांनी केलं ते अनुमान आहे. पाच करंडकांच्या आत कुणी साध्या ठिकऱ्या ठेवणार नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. मालिका निदान उघडपणे कल्पित आहे. आपण 'खरी शोधकथा' म्हणून तेच ठामपणे सांगायला लागलो तर दिशाभूल कोण जास्त करतंय?

मेधा गिरगावकर

नाणेघाटी, मी 'मानले' असंच लिहिलं आहे आणि तो शब्द जाणूनबुजून वापरला आहे. तुमचं हे उत्तर म्हणजे मला हवी असलेली मालिका आहे! पेशावर, कंदाहार, काबूल, वैशाली, सोपारा. पाच जागा, एक पात्र, दगड की माती. यात संशय हाच रस आहे. मालिकेत शेवटी एक वस्तू हाती येते आणि तीच खरी, यात वादाला जागा नाही. संशय मारला की इतिहास उरत नाही.

कट्टेकरी, तुम्हाला पाठलाग हवा ना? मग भगवानलालांकडे बघा. जुनागढचा मुलगा, इंग्रजी शिक्षणाचा पत्ता नाही, गिरनारच्या शिळेवरची अक्षरं लावत बसायचा. डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्याला मुंबईला बोलावलं. त्यांच्यासाठी तो वर्षानुवर्षं देशभर हिंडला, लेण्यांमध्ये, जंगलांमध्ये, ठसे आणि नाणी गोळा करत. नेपाळलाही गेला, तिथल्या शिलालेखांवर त्याचं काम प्रसिद्ध आहे. मालिकेची नायिका पात्रासाठी नेपाळला जाते आणि नेपाळ पालथा घालून आलेल्या माणसाला ते सोपाऱ्यात सापडतं, याहून चांगलं कथानक कुठल्या लेखकाला सुचलं असतं? पुढे १८८४ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टरेट दिली. ४९ व्या वर्षी मुंबईत गेले.

कट्टेकरी

भगवानलालांबद्दल मलाही नितांत आदर आहे, म्हणूनच हे बोलायला हवं. मथुरेचं सिंहशीर्ष, म्हणजे सिंह कोरलेला स्तंभाचा माथा, खरोष्ठी या प्राचीन लिपीतल्या लेखांनी भरलेला, त्यांनीच शोधलं. शीतलादेवीच्या देवळातून ते मिळवलं आणि मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिलं. आज ते लंडनमध्ये आहे. जागेवरून वस्तू हलवणं हाच सिडनीचा गुन्हा असेल, तर तो त्या काळच्या सगळ्या विद्वानांच्या नावावर मांडावा लागेल. एकीला घातक म्हणायचं आणि दुसऱ्याला आदर्श, हे न्यायाचं नाही.

समता

कट्टेकरी बरोबर बोलत आहेत. सोपाऱ्याचे धातूही स्तूपातून काढलेच ना? खणतीताईंनी सांगितलेले ते आठव्या-नवव्या शतकातले लोक बघा. त्यांनी उघडलं, मूर्ती वाहिल्या आणि परत बंद केलं. १८८२ मध्ये उघडलं ते परत बंद झालं नाही. मेधाताई म्हणतात जागेला अर्थ आहे, मग आज वंदनेची जागा नालासोपाऱ्यात आणि धातू फोर्टात, हे त्यांना चालतं का?

मेधा गिरगावकर

समता, फरक एवढाच की भगवानलालांनी काय कुठे होतं ते लिहून ठेवलं आणि सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. म्हणून १८८२ पूर्वीची ती खोली आपण आजही मनात पुन्हा रचू शकतो. सिडनी काहीच लिहीत नाही. मथुरेचं सिंहशीर्ष लंडनला जायला नको होतं, हे मी बिनदिक्कत म्हणेन. धातूंबद्दल म्हणाल तर ते स्तूपाच्या आवारात सुरक्षित दालन बांधून तिथे ठेवता आले तर मला आनंदच आहे. पण दालन, हवामान, पहारा आधी. धातू नंतर.

समता

पहारा आम्ही देऊ. गावोगावी विहारं लोकांनी वर्गणी काढून बांधली आणि सांभाळली आहेत. 'आधी दालन' ऐकत आमची तिसरी पिढी आली.

खणती

हा वाद इथे मिटणार नाही, पण वसई-नालासोपारा पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावला मिळाला, म्हणजे पहिल्या तुकड्यानंतर ७४ वर्षांनी. बाकीचे लेख अजून जमिनीत, विहिरीच्या कठड्यात किंवा कुणाच्या वाडीतल्या बांधात असू शकतात. सध्या तिथे रोज कुठेतरी पाया खणला जातोय. अक्षरं कोरलेला दगड दिसला तर तो हलवू नका, धुऊ नका, चुना किंवा रंग लावून अक्षरं उठवू नका. आहे तिथेच, आजूबाजूची जागा दिसेल असे फोटो काढा, शेजारी एखादी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि तहसीलदार कचेरीत किंवा पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. पोचपावती घ्यायला विसरू नका.