सिम्पसन वाळवंट: हवा, डिझेल आणि झेंडा

दोघं मित्र एकाच गाडीतून ऑस्ट्रेलियातलं सिम्पसन वाळवंट, पश्चिमेच्या माउंट डेअरपासून पूर्वेच्या बर्ड्सव्हिलपर्यंत, पार करताय आणि टायरमध्ये 28 पीएसआय ठेवणार म्हणता. वाळूत ते फार होतं. 16-18 वर आणा. टायर पसरतो, गाडी वाळूवर तरंगते. पण एवढ्या कमी हवेत झटक्यात वळलात तर टायर रिमवरून निसटतो. हवा पुन्हा भरायला कॉम्प्रेसर हवाच.

वाळूच्या टेकडीच्या माथ्याआधी गाडी अडली तर रेस देत बसू नका, चाकं रुतत जातात. रिव्हर्स टाकून आलेल्या चाकोरीतूनच सरळ मागे या. आडवी झाली तर उलटू शकते. टेकड्यांचा पश्चिमेचा उतार सौम्य, म्हणून तुमची दिशा बरोबर आहे.

वाटेत पंप नाही. शंभर किलोमीटरला 20 लिटर धरून किमान 140 लिटर डिझेल घ्या. पाणी दोघांना सात दिवसांचं, 100 लिटर.

गाडीवर उंच काठीवरचा झेंडा सक्तीचा आहे. माथ्यापलीकडून येणाऱ्याला आधी तोच दिसतो. यूएचएफ रेडिओ (गाड्यांमधला वायरलेस) चॅनल 10 वर ठेवा.

आणि रोज संध्याकाळी गाडीखाली वाका: सायलेन्सरपाशी अडकलेलं स्पिनिफेक्स गवत काढा, पेट घेतं. रेडिएटरची जाळीही झटका, बिया बसून इंजिन तापतं.

1 डिसेंबर ते 15 मार्च सिम्पसन वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान बंद असतं, तारखा त्याबाहेरच्या धरा.