ऑडिट कमिटी फक्त आकडे बघत नाही

ऑडिट कमिटी म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळाची, हिशेबांवर नजर ठेवणारी समिती. कंपनीच्या निवेदनांबद्दल "ऑडिट कमिटी आकडे तपासते, भाषा मॅनेजमेंटची" असं कुणी कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमांनुसार मॅनेजमेंट डिस्कशन अँड अ‍ॅनालिसिस, म्हणजे कंपनीच्या स्थितीचा मॅनेजमेंटने लिहिलेला आढावा, बघणं या कमिटीचं काम आहे, आणि त्यात बहुतेक शब्दच असतात.

२०२० साली मी नरिमन पॉइंटच्या एका कंपनीत सेक्रेटरियल विभागात, म्हणजे कायदेशीर कागदपत्रं सांभाळणाऱ्या विभागात, होतो. कोविडचा परिणाम जाहीर करण्याबद्दल सेबीचं परिपत्रक २० मे रोजी आलं. आमच्या मसुद्यात होतं, 'तात्पुरता परिणाम झाला असून परिस्थिती लवकरच पूर्वपदावर येईल.' व्हिडिओ कॉलवर कमिटीच्या अध्यक्षा म्हणाल्या, "तात्पुरता म्हणजे किती दिवस? लवकरच कशावरून?" सगळे गप्प. फायनान्सचे साहेब कागद चाळत राहिले. दोन्ही शब्द गेले. त्या जागी किती कारखाने बंद आहेत, रोकड किती महिने पुरेल, कुठली येणी अडकलीत, हे आलं. मजकूर रुक्ष झाला, पण गुंतवणूकदाराला काहीतरी कळलं.

खरी अडचण वेगळीच आहे. कमिटी वर्षातून किमान ४ वेळा बसते, पण कंपनीतच घडलेली महत्त्वाची घटना स्टॉक एक्सचेंजला कळवायला आता १२ तासच मिळतात. संकटातलं पहिलं निवेदन कमिटीने न बघताच जातं आणि सूर तिथेच ठरतो. नंतर तो बदलायचा म्हणजे आधीचं चुकलं हे कबूल करणं. म्हणून निदान अध्यक्षांना तरी मसुदा त्याच रात्री वाचून दाखवावा, फोनवर का होईना.