विषय: ६-अ अर्जांची शीट आणि पासपोर्ट क्रमांकाचा रकाना

प्रेषक: कार्यवाह

सर्व सभासदांस नमस्कार.

शनिवारी ठरल्याप्रमाणे शीट उघडली आहे. ज्यांचे नमुना ६-अ चे, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या मतदार नोंदणीचे, अर्ज अडकले आहेत, त्यांनी नाव, विधानसभा मतदारसंघ, अर्जाचा संदर्भ क्रमांक, पासपोर्ट क्रमांक आणि इथला, ब्रिटनमधला पत्ता रविवारपर्यंत भरावा, म्हणजे मुंबईला मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे एकत्रित पत्र धाडता येईल. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) भारतातल्या पत्त्यावर पडताळणीला गेला तेव्हा घर बंद होते, अशांनी शेवटच्या रकान्यात तसे नमूद करावे. मागच्या वेळेप्रमाणे प्रत्येकाने स्वतंत्र मेल पाठवून मला जुळवाजुळव करायला लावू नये, ही विनंती.

प्रेषक: अनघा, रेडिंग

पत्राला माझा पाठिंबा आहे, शीटला नाही. या मेल-यादीवर कायमचे भारतात परतलेले सभासद आहेत आणि गेल्या दिवाळीच्या तिकिटांपुरते जोडून घेतलेले, नंतर कोणीच न काढलेले लोकही आहेत. त्या सर्वांना आपले पासपोर्ट क्रमांक दिसावेत असे मला वाटत नाही. त्याहून अडचणीचा मला शेवटचा रकाना वाटतो, कारण नाव, मतदारसंघ आणि ‘घर बंद’ हा शेरा एका ओळीत आला की पुण्यातला कोणता फ्लॅट कुलूपबंद आहे, हे शोधायला मतदार यादी उघडणे एवढेच काम उरते.

प्रेषक: विनय, स्लाव

अनघाताई, जे जाहीरच आहे ते झाकण्यात काय हशील? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २०-अ नुसार २०११ पासून आपल्याला भारतात नोंदणी करता येते आणि आपापल्या भागाच्या मतदार यादीत परदेशस्थ मतदारांचा स्वतंत्र विभाग शेवटी छापला जातो. त्याआधी अर्जदारांची यादी नोंदणी अधिकाऱ्याच्या सूचनाफलकावर लागते आणि त्या मतदारसंघातील कोणताही मतदार ७ दिवसांत नमुना ७ भरून हरकत घेऊ शकतो. हे जाहीर असायलाच हवे. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्याला भारतात मतदानाचा हक्क नाही, आणि आपल्याच मंडळात ब्रिटिश पासपोर्ट घेऊनही गावच्या यादीत नाव तसेच ठेवलेले कोण आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना यादी दिसलीच नाही, तर हरकत घेणार कोण?

प्रेषक: अनघा, रेडिंग

विनयराव, यादी जाहीर असावी याबद्दल वाद नाही. यादीत काय असावे आणि ती कोणत्या रूपात मिळावी, याबद्दल आहे. आपण अर्जात पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा तपशील आणि इथला पत्ता देतो, परंतु मतदार यादीत यांतले काहीही छापले जात नाही. संकेतस्थळावरच्या यादीतून छायाचित्रेही वगळलेली असतात आणि ती यादी शब्द शोधता येणार नाही अशा स्वरूपात ठेवलेली असते. ती शोधता येईल अशा स्वरूपात मिळावी म्हणून काँग्रेसचे नेते कमलनाथ सर्वोच्च न्यायालयात गेले होते, आणि २०१८ साली न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. तो निकाल मला पूर्णपणे पटलेला नाही, कारण दुबार नावे शोधायची तर यादी चाळता आली पाहिजे. पण आपली शीट तर एका क्षणात चाळता येते, आणि तिच्यात यादीपेक्षा जास्त माहिती आहे.

इथलेही पाहा. मतदार याद्या सरसकट व्यापाऱ्यांना विकण्याविरुद्ध रॉबर्टसन नावाचे गृहस्थ वेकफिल्डच्या नगरपालिकेशी भांडले आणि २००१ साली जिंकले. तेव्हापासून पूर्ण यादी वेगळी आणि विकत मिळणारी खुली यादी वेगळी झाली. परदेशी राहणाऱ्या ब्रिटिश मतदाराचे इथल्या यादीत नाव असते, पत्ता नसतो. म्हणूनच इथल्या निवडणूक आयोगाच्या सर्व्हरमध्ये २०२१ पासून कोणीतरी शिरले होते, असे ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाले, तेव्हा देशात राहणाऱ्यांची नावे आणि पत्ते दोन्ही त्या याद्यांत होते आणि परदेशस्थांची फक्त नावे होती. जे गोळाच केले नाही, ते चोरीलाही गेले नाही.

प्रेषक: माधव, हॅरो

अनघाच्या खुल्या यादीच्या मुद्द्यावरून आठवले. कॉमनवेल्थ नागरिक म्हणून आपल्याला इथे मत देता येते, त्यामुळे मी टपाली मतदान मागितले होते. प्रचाराला दारात आलेल्या मुलाने ‘तुमची मतपत्रिका पोहोचली असेलच’ असे म्हटल्यावर आमची ही चपापली. टपाली मतदारांची यादी उमेदवारांना मिळते आणि कोणाचे मत परत आले याची खूण केलेली यादीही मतदानानंतर मागता येते, हे मला तोवर माहीत नव्हते. भारतात मतदान केलेल्यांची १७-अ ची नोंदवही न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत, हे मला अधिक बरे वाटते. अर्थात २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रातल्या ५,०९७ परदेशस्थ मतदारांपैकी १७ जणांनीच प्रत्यक्ष जाऊन मत दिले. ते १७ कोण, हे त्यांच्या गल्लीत विचारले तरी कळेल.

प्रेषक: खजिनदार

माधवकाका, तो विषय वेगळा आहे. सभासदांच्या माहितीची नोंद माझ्याकडे असते आणि मला न विचारता नवी शीट उघडली जाऊ नये, असे मागच्या सर्वसाधारण सभेत ठरले होते. इथला माहिती संरक्षण कायदा मंडळालाही लागू आहे. उद्या एखाद्या सभासदाने विचारले की माझा पासपोर्ट क्रमांक कोणाकोणाकडे आहे, तर उत्तर मला द्यावे लागेल. संदर्भ क्रमांक दिला की नोंदणी अधिकाऱ्यासमोर अख्खा अर्ज उघडतो, मग पत्रात बाकीचे हवेच कशाला?

प्रेषक: कार्यवाह

शीट कोणी उघडायची हे कार्यकारिणीत बोलू. पासपोर्ट आणि पत्त्याचे रकाने काढले आहेत आणि दुवा आता फक्त मला व खजिनदारांना उघडेल. ‘घर बंद’ ही नोंद मात्र मला लागेल, कारण पडताळणीला नातेवाईक उपलब्ध नसतील तर कागदपत्रे भारतीय उच्चायुक्तालयाकडे पाठवता येतात आणि नेमकी तीच मागणी आपण करणार आहोत. अशा सभासदांनी संदर्भ क्रमांक मला थेट कळवावा, मेल-यादीवर लिहू नये.

विनयराव, तुमचा क्रमांक अजून आलेला नाही.