शब्दचर्चा : हळू आवाजात, घरच्या घरी गायलेल्या गाण्याला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी :
आमच्या ऐकण्याच्या बैठकीत पुढच्या वेळी मी सिबिले बायर ऐकवणार आहे. सोबत पानभर मराठी टिपण द्यायचं ठरलंय, आणि तिथेच गाडी अडली आहे.

आधी बाईंविषयी, कारण यांच्याबद्दल कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सिबिले बायर जर्मन, गाणी इंग्रजीत. १९७० ते १९७३ च्या दरम्यान त्यांनी घरातच रिळाच्या टेपरेकॉर्डरवर स्वतःची गाणी स्वतः गाऊन ठेवली. एक आवाज, एक गिटार. विम वेंडर्स यांच्या १९७४ च्या 'अॅलिस इन द सिटीज' या चित्रपटात छोटी भूमिका केली, पुढे अमेरिकेत संसार केला, आणि गाणी तशीच पडून राहिली. तीसेक वर्षांनी मुलगा रॉबी बायर याने त्या टेप उतरवून घरच्या माणसांसाठी सीडी केल्या. त्यातली एक त्याने डायनोसॉर ज्युनियर या बँडच्या जे मॅसिस यांना दिली. त्यांच्याकडून ती अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावच्या 'ऑरेंज ट्विन' या छोट्या कंपनीकडे गेली आणि २००६ मध्ये 'कलर ग्रीन' हा अल्बम निघाला. चौदा गाणी. मी तर म्हणेन, पहिलं गाणं लावून दोन मिनिटं बसा, पुढचं आपोआप होतं.

आता अडचण. अशा संगीताला इंग्रजीत 'लो-फाय इंडी फोक' म्हणतात. 'लो-फाय' लिहिलं तर आईने विचारलं, "म्हणजे हलक्या प्रतीचं का गं?" 'फोक'चं 'लोकगीत' केलं तर चक्क चुकीचं होतं. आणि त्या आवाजाला काय म्हणू? हळू, मंद, दबका, मृदू, कुजबुजता... एकही शब्द धड बसत नाही.

काळीचार :
आईंना तसं वाटलं यात त्यांची काहीच चूक नाही. 'हायफाय' हा शब्द मराठीत आला तो 'हाय फिडेलिटी'वरून, म्हणजे मूळ आवाजाशी पुरेपूर इमान राखणाऱ्या ध्वनीसाठी, पण आता त्याचा अर्थ श्रीमंती थाट असा झालाय. हायफाय हॉटेल, हायफाय शाळा, हायफाय लोक. त्याच्या उलट 'लो-फाय' म्हटलं की गरिबीचंच काहीतरी कानावर येणार. टिपणात शब्द ठेवायचा असेल तर पहिल्याच ओळीत उलगडून सांगा, नाहीतर ठेवू नका.

आवाजाबद्दल एक कळकळीची विनंती. कृपया 'खालच्या पट्टीतला आवाज' असं लिहू नका. बोलण्यात आपण "जरा खालच्या पट्टीत बोल" म्हणतो आणि ते रूढ आहे, मान्य. पण गाण्याविषयी लिहिताना पट्टी म्हणजे पेटीवरची काळी एक, पांढरी चार, म्हणजे स्वराची उंची. वरच्या पट्टीतही माणूस हळू गाऊ शकतो. 'मंद्र'चंही तेच. मंद्र म्हणजे खालचं सप्तक, त्याचा मंद असण्याशी संबंध नाही. 'दबका' तर नकोच. दबका आवाज कुणाच्या तरी धाकाने होतो. मी आत्ताच तीन गाणी ऐकली, त्यात धाक कुठेही नाही. स्वर नेमका लागतोय, श्वास पुरतोय, शब्द शेवटपर्यंत स्पष्ट आहे. 'पुटपुट' आणि 'कुजबुज' त्याच कारणाने बाद.

माजघर :
'गुणगुणणं' का नको? स्वतःपुरतं हळू गाण्याला आपल्याकडे हाच शब्द आहे.

काळीचार :
जवळचा आहे, पण गुणगुणताना शब्द अर्धे असतात, चाल दुसऱ्याची असते आणि हात कामात असतात. इथे बाईंनी गाणं रचलंय, गिटार बसवलीय, टेप सुरू करून गायलंय. 'गुणगुणणं' म्हटलं तर त्या मेहनतीवर अन्याय होतो. 'गुणगुणल्यासारखं' असं म्हणा हवं तर.

टेपवाला :
मी आयुष्यभर टेप दुरुस्त केल्या, म्हणून त्या 'लो-फाय'मागे प्रत्यक्ष काय घडतं ते सांगतो. शब्द त्यातूनच निघेल असं वाटतं.

टेपवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात. ते कधीच सगळे सारखे बसत नाहीत, त्यामुळे कोऱ्या टेपलाही स्वतःचा एक 'स्स्स' असा आवाज असतो. जोरात गाणाऱ्याचा आवाज त्याला झाकून टाकतो. हळू गाणाऱ्याचं मुद्रण मुळात कमी पातळीवर होतं. मग ऐकताना आपण आवाज वाढवतो आणि गाण्याबरोबर तो 'स्स्स'ही वर येतो. शिवाय माइक तोंडाजवळ आणावा लागतो, म्हणजे श्वास, ओठ उघडल्याचा आवाज, तारेवरून बोट सरकतानाचा चिरका आवाज, हे सगळं टेपवर उतरतं. स्टुडिओत यातलं बरंचसं टाळता येतं. घरात येत नाही, आणि अशा गाण्यात ते असलेलंच मला आवडतं, कारण गाणारा माणूस किती जवळ बसलाय ते त्यावरून कळतं.

या आवाजाला 'खरखर' म्हणू नका एवढंच. खरखर म्हणजे रेडिओवर मुंबई 'ब' लावताना काटा जरा सरकला की यायची ती. तुटक, खडबडीत. टेपचा आवाज अखंड असतो. आमच्या दुकानात आम्ही 'टेपची सळसळ' म्हणायचो.

आणखी एक. 'लो-फाय' हे नाव रुळलं ते या बाईंच्या मुद्रणानंतर खूप उशिरा. १९७९ मध्ये टिअॅक कंपनीने कॅसेटवर चार ट्रॅक घेणारा 'पोर्टास्टुडिओ' काढला आणि घरी मुद्रण करणं पुष्कळांच्या आवाक्यात आलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनसारख्या बड्या गायकाचा १९८२ चा 'नेब्रास्का' त्याच यंत्रावर, न्यू जर्सीतल्या घरात झालाय. १९८६ मध्ये न्यू जर्सीच्याच डब्ल्यूएफएमयू रेडिओवर विल्यम बर्गर यांनी आपल्या कार्यक्रमात घरगुती मुद्रणांचा अर्ध्या तासाचा भाग सुरू केला, त्याचं नाव 'लो-फाय' होतं. तेव्हा टिपणात 'घरगुती मुद्रण' लिहिलंत तर मूळ अर्थाला धरूनच होईल.

शब्दवेडी :
टेपवाले काका, 'सळसळ' घेतली! घरगुती मुद्रणही पटलं. पण नुसतं 'घरगुती' म्हटलं की डोळ्यापुढे लोणची-पापड येतात, म्हणून 'घरी केलेलं मुद्रण' असं लिहीन.

माजघर :
'फोक'साठी मी 'भावगीत' सुचवते. एक आवाज, मोजकी साथ, मनातली गोष्ट. आपल्या वाचकाला चटकन कळेल.

काळीचार :
कळेल, पण वेगळंच काही कळेल. भावगीतात बहुतेक वेळा कवी एक, संगीतकार दुसरा, गाणारा तिसरा. तिघांचं मिळून एक गाणं होतं आणि ते रेडिओसाठी, तबकडीसाठी घडवलं जातं. बायर यांच्या गाण्यात तिन्ही जागी एकच बाई आहे आणि समोर श्रोता धरलेलाच नाही. शेवटच्या गाण्यात तंतुवाद्यांचा ताफा येतो तेव्हा हा फरक फार स्पष्ट कळतो. तेवढं एक गाणं मला भावगीताच्या जवळचं वाटलं, बाकीची नाहीत.

माजघर :
मग ओवी? ती तर बाईने स्वतः रचलेली, स्वतःच गायलेली, श्रोता धरलेला नाही.

टेपवाला :
माजघरताई, हे डोक्यात माझ्याही आलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातली काही मुद्रणं मी ऐकली आहेत. तो आवाज हळू नाही हो. जात्याची घरघर चालू असताना गायचं तर गळा मोकळाच लागतो. पुष्कळदा दोघी समोरासमोर बसून दळतात, एकीची ओवी संपली की दुसरी उचलते. शिवाय ओवीची चाल आणि तिच्यातली कितीतरी वाक्यं आईकडून, सासूकडून आलेली, सगळ्यांच्या मालकीची. ते खरं लोकगीत. एकीने एकटीने रचलेलं आणि टेपवर ठेवून दिलेलं गाणं तसं कसं म्हणता येईल?

माजघर :
पटलं. मग 'स्वरचित गाणी' एवढंच पुरे. सोपं आहे आणि खोटं नाही.

आता माझा एक प्रश्न. शब्दवेडीने या बाईंच्या गाण्यांची जी ओढ आपल्याला लावली, त्याला काय म्हणायचं? मी काल रात्री जाऊबाईंना सांगताना म्हणाले, "एका मैत्रिणीने मला सिबिले बायरच्या नादी लावलं." त्या एकदम गंभीर झाल्या.

काळीचार :
होणारच! 'नादी लागणं'मध्ये बिघडण्याचा वास आहे, 'कुणाच्या नादी लागलास' असं आपण रागानेच म्हणतो. 'नाद लागणं' त्यापेक्षा सौम्य, पण त्यातही घरच्यांची थोडी तक्रार असतेच. या गाण्यांसाठी मी 'गोडी लावली' म्हणेन. गोडी हळूहळू लागते, कुणीतरी हौसेने लावते, आणि ती लागली याचं कुणाला वाईट वाटत नाही. वाचनाची गोडी, भजनाची गोडी, तशीच ही.

शब्दवेडी :
गोडी! हा शब्द मी स्वतःहून योजला नसता. टिपणाची पहिली ओळ अशी केली आहे, बघा :

"सिबिले बायर यांनी १९७० ते १९७३ मध्ये स्वरचित गाणी घरच्या टेपरेकॉर्डरवर मंद, स्वच्छ आवाजात गाऊन ठेवली. अशा घरी केलेल्या मुद्रणाला आज 'लो-फाय' म्हणतात. टेपची सळसळ आणि गाणारीचा श्वास त्यात ऐकू येतो."

काळीचार :
'मंद' काढा. मंद म्हटलं की दिवा, वास किंवा बुद्धी आठवते, आणि लय मंद आहे असाही गैरसमज होईल. 'हळू, स्वच्छ आवाजात' लिहा. साधा शब्द आहे, पण मगापासून आपण जे जे वगळत आलो त्यातलं काहीच त्यात नाही.

टेपवाला :
मलाही 'हळू'च. आणि बैठकीत वेळ उरला तर सॅम बीम यांचा, 'आयर्न अँड वाइन' नावाने निघालेला २००२ चा पहिला अल्बम ठेवा. तोही घरी मुद्रित केलेला, आवाज असाच हळू. स्पीकर मात्र फार मोठा लावू नका, लहान खोलीत, जवळ बसून ऐकवा.