मदत हवी आहे: हे जादा पाय कुणाचे?

नमस्कार मंडळी. इंदूरच्या सिरपूर तलावावर (2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला तोच) रविवारी सकाळी एक पक्षी दिसला. पाण्यावरच्या पानांवरून टुकुटुकु चालत होता. मान काळी, पंख तपकिरी, डोळ्यावर पांढरी रेघ, बोटं तर ही एवढी लांब! कांस्यपंखी कमळपक्षीच असावा. पण पंखाखालून तीन-चार बारीक काड्या लोंबत होत्या. आत्या म्हणाली, "गवत अडकलंय गं." यांच्यात अंडी नर उबवतो आणि पिल्लांना पंखाखाली दाबून नेतो, हे मला माहीत आहे. मग ते पिल्लांचेच पाय ना? मोबाइलचा फोटो जोडलाय, धूसर आहे, हसू नका. पुन्हा गेले तर किती लांब थांबू, म्हणजे तो बिचकणार नाही?