जाड थराने वॅक्स जास्त टिकत नाही
गाडीच्या रंगावर कार्नोबाचा (ताडाच्या पानांपासून मिळणारं नैसर्गिक वॅक्स) थर जाड दिला की वॅक्स जास्त टिकतं, असं काही जण म्हणतात, ते मत पटत नाही. रंगाला धरतो तो अगदी पातळ थर. बाकीचं पुसताना कापडावरच येतं, शिवाय कडांमध्ये पांढरं साचतं ते वेगळंच. खरा फरक आधीच्या सफाईने पडतो. शाम्पूनंतर क्ले बार (रंगावर चिकटलेला मळ ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), मग १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ३ भाग पाणी घेऊन पॅनल पुसायचं. आधी केलेल्या पॉलिशचं तेल राहिलं तर सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखाच रंग जपणारा कृत्रिम लेप) धड धरतच नाही. सीलंटनंतर निदान १२ तास पाणी नको. कार्नोबाची चमक हवीच असेल तर त्यानंतर वरून. आणि रंगावर पाण्याचे थेंब जमत नाहीत म्हणजे वॅक्स गेलंच असं नाही, बऱ्याचदा वर मळाचा पापुद्रा असतो. नीट धुऊन मग बघा.